दुष्काळातले रूळ आणि पुणे–नाशिकची गाडी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय रेल्वे. पण इंजिनापेक्षा पैशाबद्दलच जास्त बोलणार आहे. नवीन मार्गाला पैसा कोण देतं, कुठल्या अटीवर देतं, आणि त्यावरून रूळ कुणाच्या शिवारातून जाणार हे कसं ठरतं? उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण जुन्या काळाबद्दल बोलताना तोंडात नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या.

मी संगमनेर तालुक्यातला. पुण्यात कोड लिहितो आणि सणासुदीला नाशिक फाट्यावर एसटीची वाट बघतो. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अख्खा पॉडकास्ट ऐकून होतो, हा त्यातला एकमेव फायदा. आमच्याकडे रेल्वे म्हणजे तिकडे कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरीकडची गोष्ट. तसं का झालं, हे शोधायला थेट १८४९ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने जीआयपी रेल्वेशी करार केला. इंग्लंडमधल्या भागधारकांनी पैसा घालायचा, जमीन सरकारने फुकट द्यायची आणि गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी, तीही ९९ वर्षांच्या करारात. गाडीने तेवढं कमावलं नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ते चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलंय. तिच्यामागचा हा व्यवहार मात्र पुस्तकात नव्हता. विचार करा, नफा झाला तर कंपनीचा आणि तोटा झाला तर रयतेचा. असं असल्यावर खर्च आटोक्यात ठेवायची घाई कुणाला असणार? दादाभाई नौरोजींसारख्यांनी यावर बोट ठेवलंच, पण खुद्द सरकारलाही हे परवडेना. १८६९ च्या सुमारास ठरलं की काही मार्ग सरकारनेच कर्ज काढून बांधायचे.

आपला दौंड–मनमाड मार्ग त्यातला. अधिकृत नावच ‘धोंड अँड मनमाड स्टेट रेल्वे’. तोवर जीआयपीच्या दोन फाट्या होत्या: एक कसारा घाट चढून मनमाड-भुसावळकडे, दुसरी बोर घाट चढून पुणे-दौंड-सोलापूरकडे. दोन्ही भेटायच्या थेट खाली कल्याणला. वर दख्खनवर त्यांना जोडणारा दुवा हवा होता, आणि तो नगरमधून गेला. सुमारे २३५ किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

हे काम झालं १८७६-७८ च्या महादुष्काळात. पाऊस गेला, जनावरं गेली, माणसं गावं सोडून निघाली. सरकारने दुष्काळी कामं काढली, त्यात या मार्गाचा मातीभरावही होता. खड्डा खणायचा, पाटी उचलायची, संध्याकाळी मजुरी. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात ही मजुरी आणखी कापली गेली, तेव्हा हजारो उपाशी माणसं काम सोडून निघून गेली. म्हणजे अक्षरशः संप! पुणे सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि मंडळींनी, या हालांचे अहवाल सरकारला पाठवले. इकडे १८७८ मध्ये मार्ग सुरूही झाला. ‘बघा, तेव्हा कामं किती फटाफट व्हायची’ असं कुणी म्हणालं की मला हीच पाटी आठवते.

आता नकाशा बघा. त्या मार्गावर बेलापूर नावाचं स्टेशन होतं. त्याच्याभोवती बाजारपेठ वाढली आणि आजचं श्रीरामपूर झालं. स्टेशनचं नाव अजून बेलापूरच आहे. संगमनेर आणि अकोले पश्चिमेला राहिले. रूळ एकदा पडले की गुदामं, कारखाने, मंडया त्यांच्या कडेने वाढतात, आणि पुढचा पैसाही तिकडेच जातो, कारण ‘तिथे आधीच आहे ना’.

पुढची शंभर वर्षं पटकन ओलांडतो आणि १९९५-९६ ला येतो. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला. अंदाज साधारण ३५३ कोटी. पैसा दर वर्षीच्या बजेटमधून थोडा थोडा, म्हणजे ठिबक सिंचन म्हणा, फक्त नळीला मध्येच गाठ. पुढे राज्याने निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं. नगर ते आष्टी गाडी सुटली २३ सप्टेंबर २०२२ ला, बीडपर्यंत पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. दरम्यान खर्चाचा आकडा ४,८०५ कोटींवर गेला, मूळ अंदाजाच्या साडेतेरा पट. ३५३ कोटी वाचवले कुणीच नाहीत. फक्त उशिरा दिले आणि जास्त दिले.

या पार्श्वभूमीवर पुणे–नाशिक सेमी हायस्पीडचा आराखडा वेगळा होता, म्हणून मला तो आवडलाही होता. महारेल ही राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालयाची संयुक्त कंपनी. मार्ग २३५ किलोमीटर (आठवला का आकडा?), वेग ताशी २०० किलोमीटर, प्रवास पावणेदोन तासांचा, खर्च १६,०३९ कोटी. राज्याचे २० टक्के, रेल्वेचे २० टक्के, उरलेले ६० टक्के बाहेरून उभे करायचे. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सहकारी साखर कारखाना असाच उभा राहतो: सभासदांचे शेअर्स, सरकारी भागभांडवल आणि वर कर्ज. २०२१ मध्ये राज्य सरकारने मंजुरी दिली.

६० टक्के म्हणजे साधारण ९,६२३ कोटी. ८ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७७० कोटी नुसतं व्याज. तेवढं तिकिटातून निघालं नाही तर कोण भरणार? प्रश्न १८४९ चाच आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनला हा प्रश्न इतका टोचत नाही, कारण तिच्या मूळ १.०८ लाख कोटींपैकी ८१ टक्के जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. महाराष्ट्राचा वाटा तिथे ५,००० कोटी. चाकण-संगमनेर-सिन्नरसाठी असा सावकार आला नाही.

जपानचं निघालंच आहे तर एक किस्सा सांगतो. त्यांची स्वतःची पहिली बुलेट ट्रेन, टोकियो–ओसाका. रेल्वेचे प्रमुख शिंजी सोगो यांनी खर्च मुद्दाम कमी दाखवला आणि १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर कर्ज घेतलं. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होती. पण आंतरराष्ट्रीय कर्जावर सही झाली की पुढच्या सरकारला माघार घेता येत नाही, हा खरा डाव होता. खर्च जवळपास दुप्पट झाला, १९६३ मध्ये सोगोंना पद सोडावं लागलं, आणि १ ऑक्टोबर १९६४ ला गाडी सुटली तेव्हा ते समारंभात नव्हते. लबाडी होती, यात वाद नाही. पण कर्जाचा उपयोग शब्द बांधून ठेवायलाही होतो, हे त्या माणसाला कळलं होतं.

आपल्याकडे शब्द बांधलाच गेला नाही. राज्याची मंजुरी होती, सिन्नर तालुक्यात जमिनीची थेट खरेदीही सुरू झाली, आणि केंद्राचा अंतिम होकार मात्र येत नव्हता. मग मुद्दा आला खोडदच्या जीएमआरटीचा. नारायणगावजवळची ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं जगात नाव असलेलं काम. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ती टिपते. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्या आणि सिग्नलिंगच्या लहरी तिला खरोखर त्रास देऊ शकतात. दुर्बिणीवर माझा काडीचा राग नाही. पण ती १९९० च्या दशकापासून तिथे आहे हो! २०२१ नंतर शेतात उगवलेली नाही. माझ्या कामात एवढी मोठी अट कोड लिहून झाल्यावर सापडली, तर आधी रिक्वायरमेंट कुणी लिहिली हे विचारतात. इथे जमीन घेतल्यावर ती सापडली.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत नवा रस्ता सांगितला. नाशिकहून शिर्डी, पुणतांबा, निंबळक, अहिल्यानगर आणि तिथून चाकणमार्गे पुणे. पुणे–अहिल्यानगर १३३ किलोमीटर दुहेरी मार्ग नवा, त्याचा अंदाज ८,९७० कोटी. नगर–पुणतांबा साधारण ८६ किलोमीटर, पुढे शिर्डीपर्यंत १७. बेरीज करा: २३६. जुना अख्खा मार्ग २३५ चा होता, आणि नव्यात शिर्डीलाच २३६ झाले, नाशिक अजून पुढेच आहे.

आणि निंबळक ते पुणतांबा हा तुकडा कुठला? तोच, १८७८ चा. दुहेरीकरण झालंय, वरून वीज आलीय, पण वाट दुष्काळातल्या पाटीवाल्यांनीच घातलेली.

शिर्डीला, नगर शहराला याचा फायदा आहे, आणि नगर–पुणे थेट गाडी ही मागणीही रास्तच. संगमनेर, सिन्नर, नारायणगावकडे मूळ मार्गासाठी आंदोलनं झाली, सत्यजीत तांबे आणि खासदार अमोल कोल्हे यांनीही ती मागणी लावून धरली. रद्द झालेल्या आराखड्यात आमच्या बाजूची स्टेशनं होती: बोटा, जांबूत, साकूर, अंभोरे, संगमनेर, देवठाण. देवठाण म्हणजे अकोले तालुका, त्या तालुक्याचं पहिलंच स्टेशन झालं असतं.

पुढचं बजेट आलं की रेल्वेचं पिंक बुक डाउनलोड करा. मोफत आहे. त्यात मार्गाचं नाव शोधा, एकूण अंदाजाला त्या वर्षाच्या तरतुदीने भागा. जे उत्तर येईल, तितकी वर्षं. नगर–परळीचं १९९५ मध्ये कुणी असं भागून पाहिलं असतं, तर बीडच्या लोकांना निदान किती थांबायचंय ते तरी कळलं असतं.