टाळ थांबला नाही तर...

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मध्येमध्ये जे ‘अं… म्हंजे’ झालं ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मोबाइलवरच्या मीटिंगमध्ये तो छोटा पिवळा हात तुम्ही कधीतरी वर केला असेल. म्हंजे काय, तर ‘मला बोलायचंय.’ स्क्रीनवर तो हात सगळ्यांना दिसतो. बोलणारा बोलतच राहतो, हात तसाच वर राहतो, आणि वीस मिनिटांनी आपणच तो गुपचूप खाली घेतो. आजचा विषय तोच आहे. घोळक्यात कोणाला बोलायचंय हे सगळ्यांना दिसावं म्हणून काय करतात, आणि दिसल्यावर पुढे काय होतं? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण कुठल्या ॲपमधलं नाहीये. ते दरवर्षी आषाढात आमच्या नातेपुत्यात येतं आणि एक रात्र राहून पुढे जातं.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, बरडचा मुक्काम करून पुढे येते, धर्मपुरीला सातारा जिल्हा संपून सोलापूर जिल्हा सुरू होतो, आणि सोलापूर जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुते. संध्याकाळी पालखी तळावर पोचते तेव्हाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. रथापुढच्या क्रमांकाच्या दिंड्या 27, रथामागच्या दोनशेच्या वर. प्रत्येक दिंडीत पताकावाले, टाळकरी, मृदंगी, डोक्यावर तुळस घेतलेली बाई आणि मधोमध वीणेकरी. पालखी रथातून उतरवून खांद्यावर आत आणतात आणि दिंड्या तिच्या भोवतीनं उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही.

आणि मग चोपदार चांदीचा चोप वर करतात. लांब ‘होऽऽ’ असा पुकारा होतो आणि टाळ थांबतात. सगळे. पुढच्यांना चोप दिसतो, मागच्यांना पुढचे थांबलेले दिसतात, आणि ती शांतता तळाच्या कडेपर्यंत पसरत जाते. यूट्यूबवर याचे व्हिडिओ आहेत, बघा. पण बहुतेक व्हिडिओ इथंच ‘अंगावर काटा आला’ म्हणून संपतात, आणि खरी गोष्ट तर पुढे आहे.

नियम असा आहे, की चोप वर गेल्यावर ज्या दिंडीची काही तक्रार आहे, तिनं टाळ थांबवायचे नाहीत. वाजवतच राहायचं. बाकी सगळं चिडीचूप आणि एका कोपऱ्यात टाळांचा खणखणाट. कोणाचं काहीतरी बिनसलंय हे पालखीजवळच्या मानकऱ्यापासून कडेला उभ्या असलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना त्याच क्षणी कळतं. मग चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात. तिथं जाऊन विचारतात. तक्रारी साध्याच असतात: चालताना कोणीतरी क्रम मोडून मध्ये घुसलं, राहुट्या लावायला जागा मिळाली नाही, पाण्याचा टँकर पोचला नाही. ऐकून घेतात, मार्ग काढतात, कधी प्रकरण सोहळ्याच्या मालकांपर्यंत जातं. समाधान झालं की त्या दिंडीचे टाळ थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती होते. हिला समाजआरती म्हणतात.

आता यात डोकं कुठे आहे ते बघा. आपण सहसा उलटं करतो. ज्याला तक्रार आहे त्यानं उठायचं, हात वर करायचा, गर्दीतून आवाज काढायचा. म्हंजे सगळा भार त्याच्यावर. इथं तक्रारदारानं नवीन काहीच करायचं नाहीये, जे चाललं होतं तेच चालू ठेवायचंय. कष्ट बाकीच्यांनी घ्यायचे, गप्प राहून. दोनशेच्या वर दिंड्या थांबतात तेव्हाच एकीचा आवाज उठून दिसतो. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. टाळ चालू असेपर्यंत आरती पुढे सरकत नाही. सगळे दिवसभर चालून आलेत, पाय भरून आलेत, पोटात भूक आहे, आणि सगळ्यांचा वेळ त्या एका दिंडीच्या हातात आहे. ‘नंतर बघू’ म्हणायची सोयच नाही.

ही पद्धत आली कुठून? 1685 मध्ये तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबांनी पालखीची प्रथा सुरू केली, तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पादुका एकाच पालखीतून जायच्या. माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला तो हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हैबतबाबा साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या दरबारी होते. आळंदीच्या महाद्वारातली त्यांची पायरी माहितीये ना, तेच. त्यांनी वारीला जी शिस्त लावली तिला लष्कराचा वास आहे. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे, दिंड्यांना क्रमांक, निघण्याआधी कर्णा, आणि चोपदार.

‘चोपदार’ हा शब्दच दरबारातला. चांदीची काठी घेऊन राजाच्या पुढे चालणारा, ‘गप्प व्हा, महाराज येतायत’ म्हणून पुकारणारा. दरबारात चोप वर गेला की सगळ्यांनी गप्प बसायचं आणि एकानं बोलायचं, तो एक म्हंजे राजा. तळावरही चोप वर गेल्यावर सगळे गप्पच बसतात. फक्त बोलायची पाळी ज्याची तक्रार आहे त्याची, आणि काठीवाला त्याच्याकडे चालत जातो. हा बदल कोणी ठरवून, कागदावर लिहून केला असं मी म्हणत नाही. पण काठी तीच आणि काम पालटलेलं, हे मला फार आवडतं.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. 2004 साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोन डिमिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला. चार जण चर्चा करतायत आणि समोरच्या पडद्यावर कोण किती बोललं याच्या पट्ट्या तिथल्या तिथं वाढताना दिसतायत. झालं काय, तर जास्त बोलणारे आपली पट्टी बघून आवरते झाले. पण कमी बोलणारे त्या मानानं काही बोलते झाले नाहीत. 2008 मध्ये त्याच लॅबमधून मोबाइलसाठी ‘मीटिंग मीडिएटर’ आलं. चार कोपऱ्यांत चार माणसं, मध्ये एक गोळा, जो जास्त बोलेल त्याच्याकडे तो गोळा ओढला जातो. बघणाऱ्याला लगेच कळतं, चर्चा कोणी खाल्ली ते.

मला यात पहिला निकाल महत्त्वाचा वाटतो. आरसा दाखवला की बडबड्या लाजतो, पण गप्प बसलेल्याला आरशाचा काय उपयोग? आपली पट्टी बुटकी आहे हे त्याला आधीपासून माहीतच असतं. त्याच्याकडे कोणीतरी चालत यावं लागतं. तळावर ते चालत जाणं नियमातच बसवलंय. पिवळ्या हाताच्या बाबतीत ते मीटिंग घेणाऱ्याच्या मर्जीवर.

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. वारीचं गुणगान करून थांबायचं असेल तर त्यासाठी रील्स पुरेशा आहेत.

टाळ वाजवत राहायचा हक्क दिंडीचा. एकट्या माणसाचा नाही. जो दिंडीत नाही, मोकळाच चालतोय, त्याच्या हातात थांबवायला टाळच नाही. आणि दिंडीच्या आत काय चाललंय ते चोप वर गेल्यावर दिसेलच असं नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला, तो ‘परिपूर्ती’ या 1949 च्या पुस्तकात आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे जेवतात, हे त्यांना वाटभर बोचत राहिलं. तेच अभंग, तीच वाट, आणि जेवायच्या पंगती दोन. कल्पना करा, ती दिंडी संध्याकाळी तळावर उभी आहे. चोप वर गेला. टाळ थांबले. म्हंजे हिशेबानं तक्रार काही नाही.

फ्रेंच जेझुइट गी दलरी यांचं ‘द कल्ट ऑफ विठोबा’ हे पुस्तक 1960 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं काढलं. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांच्या दिंड्या घोड्यांच्याही पुढे चालत, क्रमांकाच्या रांगेबाहेर. सगळ्यात पुढे म्हटलं तर मान वाटतो. पण क्रमांक रथापासून मोजतात. आणि वाट संपल्यावर तरी काय? पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. तोपर्यंत चोखोबांच्या वंशातला माणूस चोखोबांच्या पायरीपर्यंत. म्हंजे इकडे पाण्याच्या आणि जागेच्या तक्रारी रोज संध्याकाळी तिथल्या तिथं मिटत होत्या, त्याच काळात सगळ्यात मोठ्या तक्रारीला तळावर जागाच नव्हती.

काही जण यावर म्हणतात, मग त्या चोपाचं काय एवढं? मला तसं वाटत नाही. यंत्र चांगलंच आहे. पण ज्यांना टाळ दिला त्यांचंच ते ऐकणार. एमआयटीच्या त्या पडद्यावरही पट्ट्या चारच होत्या, खोलीत बसलेल्या चौघांच्या. दाराबाहेरच्याला शून्याचीसुद्धा पट्टी नाही. आपल्या ग्रामसभेत हात मोजतात तेव्हा, कॉलेजच्या ग्रुपवर पोल टाकतात तेव्हा, हेच तपासायला हवं: ग्रुपमध्ये आहे कोण? आणि पोलचा निकाल आवडला नाही तर कोणी चालत जाणार आहे का त्या तीन जणांकडे, ज्यांनी ‘नाही’ दाबलंय?

आता तळावर माइक आहे, स्पीकर आहे, ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. तक्रार व्हॉट्सॲपवर टाकता येते. तरी समाजआरतीला चोप वर जातोच आणि टाळ थांबतात किंवा थांबत नाहीत. माझं मत विचाराल तर व्हॉट्सॲपवरची तक्रार वाचून सोडून देता येते, वाजणारा टाळ सोडून देता येत नाही.

पुढच्या भागात दुसऱ्या दिवशीची वाट: नातेपुत्याहून मांडवे, मग सदाशिवनगरचं गोल रिंगण, आणि माळशिरस. तोवर एक काम. यंदा तळावर आलात तर चोप वर जाताना कॅमेरा पालखीकडे असू दे, पण कान कडेच्या दिंड्यांकडे द्या. कुठे टाळ चालू राहिला तर किती वेळ राहिला, चोपदार कुठल्या बाजूला गेले, ते मला लिहून पाठवा.