वसंतऋतूतील व्याख्याने आणि वाचनालये

रब्बीचे धान्य घरात येऊन पडले आहे, मृग नक्षत्राला अजून महिना-दीड महिना अवकाश आहे, शाळा सुटल्या आहेत आणि दिवाणी कोर्टांना सुट्टी लागली आहे, असा जो चैत्र-वैशाखाचा काळ, तो महाराष्ट्रात पूर्वापार श्रवणाचा काळ होय. रामनवमी आणि हनुमानजयंती याच दिवसांत येतात. गावोगावच्या जत्रा याच दिवसांत भरतात. कीर्तन, पुराण, लळित, तमाशा यांना पावसाचे भय नसते आणि श्रोत्यालाही पहाटे औत धरायचे नसते. प्रौढ माणसाला काही सांगावयाचे असेल तर त्याला मोकळीक कधी आहे हे आधी पाहावे लागते, हे शहाणपण हरिदासांना कोणी शिकविलेले नव्हते. ते त्यांच्या व्यवसायातच होते.

वऱ्हाडात बुलढाण्याच्या जवळ, पैनगंगेच्या काठी देऊळघाट नावाचे जुने गाव आहे. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. खाली मलकापूर-खामगावकडे वैशाखात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेल्या पठारावर, म्हणजे बुलढाणा, चिखली आणि देऊळघाटच्या बाजूला, दिवस मावळला की वाऱ्याला थोडा गारवा येतो. अशा रात्री देवळाच्या ओट्यावर येऊन बसणाऱ्याला अक्षरओळख आहे की नाही, हे कोणी विचारीत नसे. वाचनालयाचा उंबरठा मात्र साक्षरासाठीच असे. देवळाचा ओटा आणि वाचनालयाचा उंबरठा यांमधील अंतर एकोणिसाव्या शतकात कोणी आणि कितपत तोडले, हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालये तशी लवकर निघाली. रत्नागिरीचे १८२८ साली, नाशिकचे १८४० साली, पुण्याचे १८४८ साली, कोल्हापूरचे १८५० साली. वऱ्हाडात अकोल्याचे वाचनालय १८६० सालचे. पुण्याच्या संस्थेचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे होते, आणि त्या काळच्या अशा बहुतेक संस्था याच नावाने ओळखल्या जात. या नावातच त्यांचे स्वरूप दिसते. इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तेजन, शहरातील सरदार-सावकारांची देणगी, वर्गणीदार सभासद, आणि कपाटांत इंग्रजी ग्रंथांचा भरणा. मराठीत छापलेली पुस्तकेच थोडी, त्यांतही शाळाखात्यासाठी केलेली भाषांतरे पुष्कळ. वर्गणी भरणारा वकील, कारकून किंवा शिक्षक संध्याकाळी येऊन वर्तमानपत्र वाची आणि घरी जाई. बाजारपेठेतल्या दुकानदाराचे किंवा कुणब्याचे तेथे काही काम आहे, असे त्यालाही वाटत नसे आणि चालकांनाही वाटत नसे.

महादेव गोविंद रानडे १८७१ साली न्यायखात्यातील अधिकारी म्हणून पुण्यास आले तेव्हा पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन होऊन वर्ष झाले होते. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी स्वदेशी कापडाचा पुरस्कार आरंभिला होता. रानड्यांनी १८७२-७३ च्या सुमारास व्यापार या विषयावर मराठीतून व्याख्याने दिली. देशातील संपत्ती बाहेर कशी जाते, कारागिरांचे धंदे का बुडाले, हा विषय तोपर्यंत इंग्रजी ग्रंथांत बंदिस्त होता. तो पुण्याच्या श्रोत्यांनी प्रथमच आपल्या भाषेत ऐकला. त्या श्रोत्यांत लष्करी हिशेबखात्यातील एक कारकून होता. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके. न्यायासनावर बसणाऱ्या शांत गृहस्थाने आकडे मांडावे आणि ऐकणाऱ्याने सह्याद्रीत जाऊन बंड उभारावे, हा व्याख्यानाचा परिणाम वक्त्याला खचितच अभिप्रेत नव्हता. परंतु प्रौढांच्या शिक्षणाचा परिणाम शिक्षकाच्या हातात राहत नाही, एवढे यावरून दिसते.

१८७५ साली रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात उन्हाळ्यातील व्याख्यानांचा क्रम सुरू झाला. हीच वसंत व्याख्यानमाला. पुढे तिची व्यवस्था वक्तृत्वोत्तेजक सभेकडे राहिली. ऋतूची निवड विचारपूर्वक होती. कोर्टे बंद असल्यामुळे मुंबईचे आणि जिल्ह्या-जिल्ह्यांचे वकील-न्यायाधीश पुण्याच्या बऱ्या हवेत येऊन राहत. शाळा-कॉलेजांचे अध्यापक मोकळे असत. लग्नसराईमुळे परगावची माणसेही शहरात असत. वक्ताही फुरसतीत आणि श्रोताही. वर्गणी नाही, प्रवेशपत्रिका नाही, परीक्षा नाही. ज्याने संध्याकाळी येऊन बसावे त्याने इतिहास, अर्थशास्त्र, धर्मसुधारणा, शेतकी यांवर मराठीतून ऐकावे. वाचनालयाच्या कपाटात जे पडून होते ते एका माणसाने वाचून शंभर माणसांना सांगावे, अशी ही योजना होती, आणि ती कीर्तनाच्या वाटेनेच गेली. केवळ पूर्वरंगात अभंगाच्या जागी आयात-निर्यातीचा आकडा आला.

त्याच वर्षी, पावसाळ्यात, स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. त्यांची व्याख्याने रानडे व त्यांचे सहकारी यांनी घडवून आणली. सप्टेंबरात स्वामींची मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांनी दंगा केला, आणि मिरवणुकीच्या संरक्षणार्थ रानड्यांबरोबर जोतीराव फुले हेही आपली माणसे घेऊन आले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण दहा वर्षांनी याच दोघांच्या दरम्यान जे घडले त्याचा अर्थ केवळ वैराने लागत नाही.

मध्यंतरी सरकारची वक्र दृष्टी वळली. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ, सार्वजनिक सभेने केलेली त्याची चौकशी, पाठोपाठ फडक्यांचे बंड. यामुळे पुण्यातील सुशिक्षितांकडे अधिकारी संशयाने पाहू लागले. रानड्यांची १८७८ साली नाशिकला बदली झाली. १८७९ च्या मे महिन्यात ते सुट्टीवर पुण्यास असताना बुधवार वाड्यास मोठी आग लागली, आणि त्याच महिन्यात त्यांना तातडीने धुळ्यास जाण्याचा हुकूम आला. धुळ्यास त्यांची टपालातील पत्रे फोडून पाहिली जात, असे रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला येणे म्हणजे रानड्यांच्या बाबतीत विश्रांती कधीच नव्हती. सरकारलाही ते ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

व्याख्यानांबरोबर ग्रंथांचाही विचार याच ऋतूत झाला. मे १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. चांगली मराठी पुस्तके निपजत नाहीत, निपजली तर खपत नाहीत, हे दुखणे त्या वेळी चर्चिले गेले. दुसरी ग्रंथकारसभा मे १८८५ मध्ये भरली. तिचे निमंत्रण रानड्यांनी जोतीरावांस पाठविले आणि जोतीरावांनी ते नाकारले. त्यांचे उत्तर ‘ज्ञानोदय’ पत्रात जून १८८५ मध्ये छापून आले. ज्यांच्या ग्रंथांत आणि सभांत शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, आमची दुःखे त्यांना ठाऊक नाहीत, आणि आमचा विचार आम्हांसच करावा लागेल, असा त्या उत्तराचा आशय आहे. कठोर उत्तर खरे. परंतु ज्या गृहस्थाने १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा चालविली, त्याला हे बोलण्याचा अधिकार होता. वसंतातील सभेचे दार सर्वांना उघडे होते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, उघड्या दारातून आत येण्याचे धैर्य प्रत्येकाला सारखे नव्हते. महार-मांग श्रोता त्या काळच्या पुण्यात पेठेतील सभेला येऊन कोठे बसला असता, हा प्रश्न सभेच्या चालकांनी स्वतःस विचारावयास हवा होता. रानड्यांच्या बुद्धीच्या विस्ताराला तो झेपला नसता असे नाही. त्यांच्या भोवतालच्या मंडळींना तो विचारावयाचा नव्हता.

या प्रश्नाला राज्यकर्त्याच्या बाजूने एक उत्तर बडोद्यास दिले गेले. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून आणले आणि तीन वर्षांत संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणावयास प्रारंभ केला. तेथील नियम मोठा व्यवहारी होता: गावाने एक तृतीयांश पैसा उभा करावा, प्रांत पंचायतीने तेवढाच द्यावा आणि उरलेला सरकारने घालावा. जेथे वाचनालय काढण्याइतकी ऐपत नाही तेथे लाकडी पेटीत पुस्तके भरून पाठवावीत. ती वाचून झाली की पेटी पुढच्या गावी जावी. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी ग्रंथालय खात्याची दृश्यशिक्षण शाखा होती. ती मॅजिक लँटर्न व चलच्चित्रे घेऊन खेड्यांत जाई आणि उघड्यावर फुकट खेळ दाखवी. पुढे या खात्याचे अधिपती जनार्दन सखाराम कुडाळकर झाले. वाचनालय म्हणजे पुस्तके ठेवण्याची जागा नव्हे, गावातील मोठ्या माणसांना शिकविण्याचे साधन होय, हा विचार हिंदुस्थानात प्रथम सरकारी तिजोरीतून अंमलात आला तो येथे.

ब्रिटिश मुलखात असा राजा नव्हता. तेथे लोकांनीच उन्हाळी व्याख्यानमालांचे लोण पुढे नेले. नाशिकची वसंत व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली. ती गोदाघाटावर, देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणात, मे महिन्यात भरते. नदीकाठचे उघडे पटांगण ही निवडच अर्थपूर्ण आहे. जाता-येता कोणीही उभा राहावा, मन रमले तर बसावे, न रमले तर उठून जावे. सभागृहातील खुर्चीवर बसणाऱ्याला हे स्वातंत्र्य नसते आणि म्हणून नवखा माणूस सभागृहात शिरण्यास कचरतो. पुढे कित्येक गावच्या वाचनालयांनीही अशा माला आपल्या वार्षिक कार्यक्रमांत घेतल्या.

वऱ्हाड या सर्वांपासून थोडे बाजूला पडले होते. १८५३ पासून तो मुलूख निजामाच्या नावे आणि इंग्रजांच्या कारभारात. १९०३ नंतर तो मध्यप्रांताला जोडला गेला. मुंबई प्रांतात १९३९-४० साली असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची सहा पायऱ्यांची योजना आखली, तिचा देऊळघाटच्या माणसाला काही उपयोग नव्हता. त्याचा प्रांतच निराळा. तथापि वऱ्हाडचा शेतकरी ऐकण्यावाचून राहिला असे मात्र नाही. सत्यशोधकांचे जलसे रात्री गावकुसाशी उभे राहत आणि जोतीरावांचा विचार गाण्या-संवादांतून ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत पोचे. पुण्याच्या व्याख्यानमालेत ज्याला जागा सापडली नव्हती, त्याने आपली सभा आपणच उभी केली. चिखलीचे पंढरीनाथ सीताराम पाटील हे याच चळवळीतले. १९२७ साली त्यांनी जोतीरावांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुण्यात हयात घालविलेल्या पुरुषाचे चरित्र पुण्याच्या ग्रंथकारांच्या आधी बुलढाणा जिल्ह्यातील माणसाने लिहावे, यात ग्रंथकारसभेला १८८५ साली मिळालेल्या उत्तराचा उत्तरार्ध आहे.

१९४८ च्या जुलैत नागपूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि व्याख्यान घाटावर येण्यासाठी वक्त्याने घाट चढण्याची गरज उरली नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने खेड्यातील वाचनालयालाही अ, ब, क, ड अशा वर्गवारीने सरकारी अनुदान मिळू लागले. पुण्याची माला आजही एप्रिलच्या एकविसाव्या तारखेपासून मेच्या विसाव्यापर्यंत टिळक स्मारक मंदिरात चालते. नभोवाणीने एक गोष्ट मात्र साधली नाही: पटांगणातल्या श्रोत्याला मध्येच उभे राहून शंका विचारता येते, आणि वक्त्याला तिचे उत्तर द्यावेच लागते.