कॉक्सॅकी गाव आणि हृदयाचा दाह

न्यू यॉर्क राज्यात हडसन नदीच्या पश्चिम तीरावर कॉक्सॅकी नावाचे एक लहानसे गाव आहे. ज्याची ख्याती एरवी पंचक्रोशीबाहेर गेली नसती, त्या गावाचे नाव आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मुखी आहे, ते केवळ एका विषाणूमुळे. १९४७ च्या उन्हाळ्यात तेथील दोन मुलांना पोलिओसारखा पक्षाघात झाला, तेव्हा ऑल्बनी येथील सरकारी आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेत गिल्बर्ट डॉल्डॉर्फ व ग्रेस सिकल्स यांनी त्या मुलांच्या विष्ठेतील अंश उंदरांच्या दूधपित्या पिलांना टोचला. पिले लुळी पडली. मोठ्या उंदरांना मात्र बाधा झाली नाही. पिलांवर भिस्त ठेवण्याची ही कल्पना सुचली नसती, तर हा विषाणू दीर्घकाळ अज्ञातच राहिला असता, असे मला वाटते. १९४८ साली शोधाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि पुढे विषाणूला गावाचेच नाव मिळाले.

याच कुळातील ‘बी’ वर्गाचे विषाणू हृदयाच्या स्नायूवर घाला घालतात, याचा दारुण दाखला जोहान्सबर्गच्या एका प्रसूतिगृहातील नवजात बालकांत १९५२ साली मिळाला. पुढे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी आली: हृदयाची हानी केवळ विषाणू करीत नाही, त्याच्या पारिपत्यासाठी धावून आलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही करतात. १९७४ साली ज्या उंदरांत टी-पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराची, संख्या घटविण्यात आली होती, त्यांच्यात हृदयदाह सौम्य आढळला.

परंतु या पेशी वाहत्या रक्तातून नेमक्या स्थळी थांबतात कशा? या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. बर्लिनमध्ये विकृतिशास्त्रज्ञ विर्खोव यांच्या संस्थेत काम करणाऱ्या युलिउस कोनहाइम यांनी बेडकाच्या जिवंत रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळून, दाह झालेल्या ठिकाणी पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात व तिच्यातून बाहेर पडतात, असे १८६७ साली मांडले; पुवाच्या पेशी स्थानिक ऊतकांतच उपजतात, या आपल्या गुरूच्या मताला छेद देणारा हा निबंध गुरूच्याच नियतकालिकात छापला गेला, ही त्या काळच्या विद्याव्यवहाराची थोरवी होय. त्या चिकटण्यास कारण असणाऱ्या रेणूंपैकी एक, आयकॅम-१, १९८६ साली ओळखला गेला. आणि १९९३ साली जपानमधील सेको व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉक्सॅकी बी-३ विषाणूने ग्रासलेल्या उंदरांच्या हृदयपेशींवर तो विपुल प्रमाणात प्रकट होतो, व त्याला प्रतिपिंडाने अडविल्यास दाह कमी होतो, असे दाखविले.

१९९७ साली विषाणूचे पेशीत शिरण्याचे प्रवेशद्वारही सापडले. तोही पेशींना परस्परांशी जोडून ठेवणारा एक रेणूच निघाला. तो नाहीसा केला तर विषाणूची वाट बंद होईल, असा विचार सहज मनात येतो. पण प्रयोगशाळेत उपजतच त्याच्याविना वाढविलेल्या उंदरांच्या भ्रूणांत हृदयाची घडण बिघडली, आणि ते गर्भाशयातच मरण पावले.