ओव्हरक्लॉकिंग

संगणकाचा प्रक्रियक निर्मात्याने नेमून दिलेल्या कंप्रतेपेक्षा अधिक कंप्रतेवर चालवून त्याच्याकडून जास्त काम करवून घेण्याच्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रक्रियकातील सर्व क्रिया क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या आंदोलनांपासून मिळणाऱ्या कालस्पंदांच्या तालावर होतात. दोन स्पंदांमधील अवधीत विद्युत् संकेत ट्रँझिस्टरांच्या मालिकेतून पलीकडे पोहोचावा लागतो. अवधी त्याहून कमी केला, तर चुकीचा अंक नोंदला जातो आणि संगणक थांबतो किंवा, अधिक वाईट म्हणजे, न थांबता चुकीचे उत्तर देतो. एकाच चकतीतून कापलेल्या चिपा तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून निर्माते चाचणी घेऊन त्यांच्या श्रेणी लावतात आणि प्रत्येक श्रेणीस सुरक्षिततेसाठी काही वाव ठेवतात. स्वस्त श्रेणीस मागणी अधिक असल्यास वरच्या दर्जाच्या चिपाही खालच्या श्रेणीचा शिक्का मारून विकल्या जातात. ओव्हरक्लॉकिंग शक्य होते ते या दोन कारणांमुळे.

इतिहास : इंटेलच्या 4004 (1971) या पहिल्या व्यापारी सूक्ष्मप्रक्रियकाची कंप्रता 740 किलोहर्ट्‌झ होती. आयबीएमच्या 1981 मधील वैयक्तिक संगणकात ती 4.77 मेगॅहर्ट्‌झ झाली. हा विचित्र आकडा दूरचित्रवाणीच्या संकेतांसाठी वापरल्या जाणाऱ्या 14.318 मेगॅहर्ट्‌झ स्फटिकाच्या कंप्रतेस तीनने भागून आलेला होता. प्रक्रियकाच्या क्षमतेशी त्याचा संबंध नव्हता. ओव्हरक्लॉकिंगचा पहिला ठळक प्रसंग 1984 मध्ये निघालेल्या पीसी-एटी या संगणकाबाबत घडला. त्यात 12 मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक असून प्रक्रियक त्याच्या निम्म्या, म्हणजे 6 मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चाले. स्फटिक खोबणीत बसविलेला असल्याने तो काढून 16 मेगॅहर्ट्‌झचा बसविला की, किरकोळ खर्चात संगणक एक तृतीयांशाने वेगवान होई. पुढे आयबीएमने स्थिर स्मृतीतील आज्ञावलीत वेगाची तपासणी घालून या प्रकारास पायबंद घातला. ग्राहकाने विकत घेतलेल्या यंत्रावर निर्मात्याची सत्ता कोठवर चालावी, हा वाद तेथून सुरू झाला.

1992 पासून 486 डीएक्स-2 या प्रक्रियकाबरोबर गुणकाची पद्धत रूढ झाली. म्हणजे मूळ फलकाची कंप्रता कमी ठेवून प्रक्रियकात तिची पट केली जाऊ लागली. त्यामुळे स्फटिक न बदलता फलकावरील जंपरांच्या जागा बदलून वेग वाढविता येऊ लागला. ही सोय हौशी लोकांइतकीच लबाड व्यापाऱ्यांच्याही पथ्यावर पडली. स्वस्त चिपेवरील आकडा खोडून वरचा आकडा छापावयाचा आणि ती महाग विकावयाची, असा उद्योग अनेक देशांत चालला. इंटेलने गुणक कायमचा बंद करण्यास हे एक कारण होते. महाग श्रेणीचा खप टिकविणे हेही कारण असावे, असे मानण्यास जागा आहे.

गुणक बंद झाला, तरी फलकाची कंप्रता मोकळी होती. ऑगस्ट 1998 मध्ये आलेला सेलेरॉन 300-ए हा प्रक्रियक 66 मेगॅहर्ट्‌झच्या साडेचार पट, म्हणजे 300 मेगॅहर्ट्‌झवर चाले. फलक 100 मेगॅहर्ट्‌झवर नेला की, तोच 450 मेगॅहर्ट्‌झवर चालू लागे आणि त्याच्या कितीतरी पट किंमतीच्या पेंटियम-2 ची बरोबरी करी. सुट्या भागांतून संगणक जुळवून घेणाऱ्यांना याचे महत्त्व विशेष होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथून भाग आणून घरी संगणक जुळविणाऱ्या विद्यार्थ्यास वरच्या श्रेणीचा प्रक्रियक परवडत नसे. त्याच्या दृष्टीने वाढलेला वेग हा चैनीचा नव्हे, तर गरजेचा प्रश्न होता. एएमडीच्या 2000 मधील ॲथलॉन व ड्युरॉन प्रक्रियकांवरील तुटक जोडबिंदू शिसपेन्सिलीच्या रेघेने जोडून गुणक मोकळा करता येई. ग्रॅफाइट विद्युत् संवाहक असल्याचा इतका घरगुती उपयोग क्वचितच झाला असेल.

निर्मात्यांनाही या मोहाने सोडले नाही. मार्च 2000 मध्ये एएमडी व इंटेल यांनी काही दिवसांच्या अंतराने 1 गिगॅहर्ट्‌झचा टप्पा गाठला आणि त्याच चढाओढीत इंटेलने 1.13 गिगॅहर्ट्‌झचा पेंटियम-3 बाजारात आणला. स्वतंत्र परीक्षकांना तो अस्थिर आढळल्यावर ऑगस्ट 2000 मध्ये कंपनीस तो परत घ्यावा लागला.

उष्णतेची मर्यादा : प्रक्रियकात खर्च होणारी शक्ती स्थूलमानाने कंप्रतेच्या आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढविताना संकेत वेळेत पोहोचावा म्हणून दाबही वाढवावा लागतो. कंप्रता 20 टक्के व दाब 10 टक्के वाढविल्यास शक्ती सु. 45 टक्क्यांनी वाढते; म्हणजे 100 वॉटचा प्रक्रियक 145 वॉट उष्णता बाहेर टाकतो. ट्रँझिस्टर लहान करताना दाबही त्याच प्रमाणात कमी करीत गेल्यास उष्णता आटोक्यात राहते, असे रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी 1974 मध्ये दाखविले होते. सु. 2005 पर्यंत या नियमाचा आधार संपला. त्याआधी 2004 मध्येच इंटेलने 4 गिगॅहर्ट्‌झचा पेंटियम-4 रद्द केला आणि उद्योग एका चिपेवर अनेक गाभे बसविण्याकडे वळला. अनेक प्रक्रियकांकडून एकत्र काम करून घेण्याचा हा मार्ग महाराष्ट्रास नवा नव्हता. क्रे महासंगणकाच्या आयातीत अडचणी आल्यावर 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ उभारला, तो ट्रान्सप्युटर जातीचे अनेक साधे प्रक्रियक समांतर जोडूनच.

विक्रमांसाठी द्रव नायट्रोजन किंवा द्रव हीलियम वापरतात. 2011 मध्ये एएमडीचा एक प्रक्रियक अशा रीतीने 8.429 गिगॅहर्ट्‌झवर चालविण्यात आला आणि 2022 मध्ये 9 गिगॅहर्ट्‌झची मर्यादाही ओलांडली गेली. असे प्रयोग थोड्या वेळापुरतेच टिकतात. नित्याच्या कामाशी त्यांचा संबंध नाही.

चंद्रपूर–गडचिरोली प्रदेशातील स्थिती : ओव्हरक्लॉकिंगविषयीच्या बहुतेक लेखनात खोलीचे तापमान 20°–25° से. गृहीत धरलेले असते. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरील तापमान 45°–47° से. पर्यंत जाते. प्रक्रियकापासून हवेपर्यंतचा औष्णिक रोध दर वॉटला 0.3° से. धरल्यास वरील 145 वॉटच्या प्रक्रियकाचे तापमान खोलीपेक्षा सु. 43° से. अधिक राहील. म्हणजे 25° से. च्या खोलीत ते 68° से., तर 45° से. च्या खोलीत 88° से. होईल. पंखा कितीही मोठा लावला, तरी प्रक्रियक खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. वाळ्याचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोली बरीच थंड करतो व म्हणून उपयोगी पडतो. पावसाळी दमट हवेत मात्र त्याचा लाभ उरत नाही. कोळशाच्या खाणी व 2,920 मेगॅवॉटचे औष्णिक वीज केंद्र असलेल्या या परिसरातील धूळ शीतकाच्या पात्यांमध्ये साचून रोध आणखी वाढवते, त्यामुळे ती वारंवार झाडावी लागतात.

ऑगस्ट 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या, बहुतांश वनाच्छादित गडचिरोली जिल्ह्यात अडचण उष्णतेपेक्षा विजेची अधिक आहे. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा संगणक बॅटरीवर चालवावा लागतो. 45 टक्के अधिक शक्ती ओढणारा प्रक्रियक ती तितक्याच लवकर रिकामी करतो. अशा ठिकाणी विद्युत् दाब व कंप्रता उलट थोडी कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. वेगातील घट अल्प असते आणि शक्तीतील बचत मोठी.

2008 पासून तापमान व शक्ती यांत वाव असेल तितका वेग प्रक्रियक स्वतःच वाढवू लागले आणि ओव्हरक्लॉकिंगचा बराच भाग निर्मात्याच्या हाती गेला. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रक्रियक अतिरिक्त दाबामुळे बिघडत असल्याचे उघड झाले व कंपनीस नियंत्रक आज्ञावली बदलून हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. तापमान मर्यादेजवळ गेल्यास हे प्रक्रियक आपला वेग आपोआप उतरवितात. त्यामुळे सतत जड काम चालू असता, एकाच किंमतीचा व एकाच श्रेणीचा प्रक्रियक चंद्रपुरात डिसेंबरपेक्षा मे महिन्यात मंद चालू शकतो.