जड पाण्याची गोष्ट : नांगलपासून थळपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात रस असलेल्या वाचकांना नॉर्वेतील वेमोर्क ठाऊक असते. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेच्या काही तरुणांनी बर्फाळ दरी चढून जर्मनांच्या ताब्यातील जड पाण्याची यंत्रे स्फोटाने निकामी केली. त्यावर पुस्तके लिहिली गेली, चित्रपट निघाले. मात्र त्याच पाण्याचा एक मोठा कारखाना अलिबागजवळ थळ येथे १९८७ पासून आहे, हे महाराष्ट्रातल्या कितीजणांना माहीत असेल? आजचा धागा या दुसऱ्या, चित्रपट न निघालेल्या गोष्टीचा.

प्रथम हे पाणी म्हणजे काय ते पाहू. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा-सात हजार अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो. तो ड्यूटेरियम. सगळे हायड्रोजन अणू ड्यूटेरियमचेच असलेले पाणी सुमारे ११ टक्के अधिक जड भरते. दिसायला अगदी साधे; पण त्याचा बर्फ साध्या पाण्यात तरंगत नाही, तळाला जातो. म्हणजे हे पाणी ‘तयार’ करायचे नसते. ते निसर्गात आहेच, फक्त वेचून काढायचे असते. एक टन जड पाण्यासाठी हजारो टन साधे पाणी चाळावे लागते, आणि चाळणी कोणती वापरायची, हाच सारा प्रश्न.

भारताला त्याची गरज का भासली? नैसर्गिक युरेनियमात विखंडनक्षम युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. अणुभट्टीतील न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी साधे पाणी वापरले, तर ते बरेचसे न्यूट्रॉन स्वतःच गिळते. मग भट्टी चालण्यासाठी इंधन समृद्ध करावे लागते, आणि ते तंत्र त्या काळी मोजक्या बड्या राष्ट्रांच्या मुठीत होते. जड पाणी न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणून त्यात नैसर्गिक युरेनियमही चालते. युरेनियम थोडे, पण केरळच्या वाळूत थोरियम विपुल, अशा देशासाठी होमी भाभांनी तीन टप्प्यांची योजना मांडली. तिच्या पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमावर चालणाऱ्या भट्ट्या होत्या. परकीय इंधनावरचे अवलंबित्व टाळण्याची ती वाट होती. पण त्या वाटेवर पाऊल टाकताच दुसरे अवलंबित्व समोर उभे राहिले, ते या पाण्याचे.

तुर्भ्याची ‘सायरस’ भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे, भूमी आणि निम्मे इंधन भारताचे. तिचे प्रकल्प व्यवस्थापक होते मुंबईचे होमी सेठना, रसायन अभियंता. भारताच्या अणुइतिहासात भौतिकशास्त्रज्ञांची नावे आधी घेतली जातात. माझ्या मते हा थोडासा अन्याय आहे, कारण भाभांच्या कागदावरील योजना कारखान्यांत उतरवण्याचे बरेचसे काम रसायन अभियंत्यांनी केले. जड पाण्याच्या प्रकल्पांची धुरा पुढे सांभाळणारे एस. फरीदुद्दीन हेही त्यांतलेच. आज त्यांचे नाव सहसा कोणाच्या ओठी येत नाही.

देशातला पहिला जड पाण्याचा कारखाना १९६२ मध्ये पंजाबात नांगलला उभा राहिला. भाक्राच्या विजेवर तिथला खत कारखाना पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवत असे. त्याच हायड्रोजनमधून ड्यूटेरियम वेगळे काढले जाई. उत्पादन वर्षाला १४ टनांच्या आसपास. तेव्हा ते मोठे वाटले असेल. पण सुमारे २२० मेगावॉटच्या एका वीजभट्टीला सुरुवातीलाच दोनशे टनांहून अधिक जड पाणी लागते. नांगलच्या गतीने एक भट्टी भरायला पंधरा वर्षे लागली असती.

म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीपासून एकदम अनेक कारखान्यांचा घाट घातला गेला. बडोदा, तुतिकोरिन आणि तालचेर येथे परदेशी तंत्र घेऊन. राजस्थानात रावतभाट्याला मात्र स्वतःच्या तंत्रावर, तुर्भ्याच्या प्रायोगिक संयंत्रावरील अनुभवाच्या बळावर.

आणि मग १८ मे १९७४ उजाडला. पोखरणच्या स्फोटातील प्लुटोनियम सायरसमधून आले होते. कॅनडाने सहकार्य थांबवले. रावतभाट्याची पहिली वीजभट्टी नुकतीच सुरू झाली होती, दुसरी अर्धवट होती. एम. आर. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पूर्ण केली, पण त्यासाठीचे जड पाणी सोव्हिएत संघाकडून घ्यावे लागले, आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय देखरेखीच्या अटीही स्वीकाराव्या लागल्या. ती भट्टी व्यापारी तत्त्वावर चालू व्हायला १९८१ उजाडले.

घरचे कारखाने तोवर रडतखडत चालले होते. बडोद्याला १९७७ मध्ये, सुरू होते न होते तोच, स्फोट झाला. तालचेर कधी धड चाललेच नाही. यात एक मूळची अडचण होती. हे कारखाने खत कारखान्यांना जोडलेले होते. अमोनिया बनवण्यासाठी जाणारा वायू आधी जड पाण्याच्या कारखान्यात येई, आपले ड्यूटेरियम तिथे ठेवी आणि परत खताकडे जाई. कल्पना काटकसरीची आणि सुरेख. पण वीज गेली, यंत्र बिघडले किंवा अन्य कारणाने खत कारखाना थांबला, की शेजारीही थांबे. अणुऊर्जेचे वेळापत्रक युरियाच्या वेळापत्रकावर टांगलेले होते! कल्पक्कमची पहिली भट्टी १९८३ मध्ये सुरू झाली. तिला उशीर होण्यामागे जड पाण्याची टंचाई हे एक कारण होते.

याच टंचाईच्या वर्षांत परदेशी दलालांमार्फत आडवाटेने भारतात जड पाणी आल्याचे आरोप युरोपात झाले. भारत सरकारने ते नाकारले. स्वावलंबनाची गोष्ट सांगताना हे पान गाळण्याची पद्धत आहे. ती इतिहासाला शोभत नाही.

रावतभाट्याची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. तिथे माध्यम होते हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजलेल्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू. थंड मनोऱ्यात ड्यूटेरियम वायूकडून पाण्यात जाते, तर सुमारे १३० अंशांच्या गरम मनोऱ्यात उलट. हा खेळ पुनःपुन्हा खेळवून पाणी हळूहळू जड करत न्यायचे. वायू पोलाद कुरतडतो. त्याहून वाईट म्हणजे, त्याचे प्रमाण फार वाढले की माणसाचे नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो; धोका सर्वाधिक असतो तेव्हाच नाक दगा देते. असा वायू टनांनी साठवून, भट्टीच्या शेजारी, तिच्याच वाफेवर चालणारा कारखाना उभारायचा होता. जोडीला तयार आराखडा देणारा कोणी नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलेले काम १९८५ मध्ये तडीस गेले. हा काळ फारच लांबला, असे टीकाकार म्हणाले, आणि त्यात तथ्य होते. विक्रम साराभाईंच्या १९७० च्या आराखड्यात १९८० पर्यंत २,७०० मेगावॉट अणुवीज अपेक्षित होती. प्रत्यक्षात १९८० साली देशाची क्षमता होती सुमारे ६४० मेगावॉट.

पण रावतभाट्यात जे शिकले, ते गोदावरीकाठी मणुगुरूला १९९१ मध्ये कितीतरी मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडले. थळला मुंबई हायच्या वायूवर चालणाऱ्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या शेजारी अमोनियाचेच तंत्र वापरले, आणि या वेळी ते नीट चालले. नव्वदीत चित्र उलटले. भट्ट्या अपेक्षेपेक्षा कमी उभ्या राहिल्या होत्या आणि जड पाणी गरजेहून अधिक होऊ लागले. दशकाच्या अखेरीस ते दक्षिण कोरियाला निर्यात झाले. पुढे ज्या अमेरिकेने सायरससाठी पाणी दिले होते, तिनेही भारताकडून जड पाणी विकत घेतले. त्याची खरी किंमत किती, सरकारी हिशेबात ती कमी दाखवली जाते का, हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे.

नांगलचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला, सायरस २०१० च्या अखेरीस. थळचे मनोरे उभे आहेत. शेजारच्या खत कारखान्यातून वायू येणे थांबले, की तिथले कामही थांबते.