टाळकऱ्यांचा इतिहास : देहूपासून चाकणपर्यंत

पाश्चात्त्य संगीतात 'ऑरेटोरिओ' नावाचा एक प्रकार आहे. धर्मकथा गाऊन सांगायची, पण नाटकासारखी सोंगं नाहीत. एकेकटे गाणारे, वाद्यं आणि मागे मोठा गायकवृंद. रोममधल्या प्रार्थनाघरांत तो वाढला, नावही त्यावरूनच पडलं. हेंडेलचा 'मसीहा' पहिल्यांदा गायला गेला तो डब्लिनमध्ये, १७४२ साली. मग आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात असा वृंद कधी होता का? आमचं म्हणणं, होता. आणि 'मसीहा'च्या जवळपास शंभर वर्षं आधीपासून होता. आपण त्यांना टाळकरी म्हणतो.

वारकरी कीर्तनाची मांडणी आठवून बघा. पुढे कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला पखवाज. बुवा अभंगाचा चरण म्हणतात, निरूपण करतात. मधेच टाळकरी चाल उचलतात, तेवढ्यात बुवांना दम घ्यायला मिळतो. म्हणजे टाळकरी हे नुसते साथीदार नव्हेत, कीर्तनाचा अर्धा भार त्यांच्यावर असतो.

तुकोबांचे १४ टाळकरी परंपरेने सांगितले जातात. त्यांत संताजी जगनाडे चाकणचे, व्यवसायाने तेली. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला. गंगाजी मवाळ कडूसचे, ब्राह्मण. सतराव्या शतकात ही दोन माणसं एका रांगेत उभी राहून एकच चरण म्हणत होती, हे लहानसहान नव्हे.

आणि या दोघांनी आणखी एक काम केलं. तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तरल्या, ही कथा आपण सगळे जाणतोच. अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून तरले, असाही तिचा अर्थ लावला जातो. युरोपात रचनाकार लिहितो आणि वृंद गातो. इथे वृंदानेच रचना जपली. विनायक लक्ष्मण भावे यांनी विसाव्या शतकात गाथा छापली, तीही जगनाड्यांच्या वहीच्या आधारे.

पुढे १६८५ च्या सुमारास तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. १९१७ साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तन-पखवाजाचं रीतसर शिक्षण सुरू झालं.

मग कारखाने आले. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ ला एमआयडीसीची स्थापना, पुढे चाकण. मराठवाडा, खानदेश, साताऱ्याकडून कामगार आले, ते येताना आपापल्या गावच्या चालीही घेऊन आले. कामगार वसाहतींत भजनी मंडळं उभी राहिली, महिलांचीही राहिली. तुकोबांची पालखी आजही आकुर्डीला मुक्काम करते.

आता प्रश्न असा. देहूच्या गाथा मंदिरात अभंग भिंतींवर कोरलेले आहेत, मोबाइलवर हवा तो अभंग ऐकता येतो. शब्दांना धोका नाही. धोका आहे तो रांगेला. पाळीची नोकरी, येण्याजाण्यातले तास, आणि ऐकायला सगळं तयार. मग टाळ हातात घ्यायचा कुणी? चाल शिकायला मागे उभं राहावं लागतं, वर्षानुवर्षं. चौदांपैकी एकालाही कीर्तन नुसतं बसून ऐकायचं नव्हतं. आपल्यापैकी किती जण उभे राहणार, यावर या इतिहासाचं पुढचं पान ठरेल.