हाय नून : चर्चमधील सभा

फ्रेड झिनमानच्या हाय नून (१९५२) या वेस्टर्न चित्रपटातील निर्णायक प्रसंग अखेरच्या गोळीबाराचा नसून चर्चमधील सभेचा होय. सूड उगविण्यासाठी दुपारच्या गाडीने येणाऱ्या फ्रँक मिलरविरुद्ध मदत मागावयास मार्शल विल केन (गॅरी कूपर) रविवारच्या प्रार्थनेत येतो. काही जण तत्काळ उठतात. तथापि मुलांना बाहेर पाठवून चर्चा सुरू होताच हा उत्साह ओसरतो. धर्मोपदेशकही निर्णय देत नाही. हेंडरसन हा प्रतिष्ठित नागरिक केनची मुक्तकंठाने स्तुती करतो आणि रस्त्यात रक्तपात झाल्यास उत्तरेकडील भांडवल गावात येणार नाही, म्हणून त्याने निघून जावे असे सुचवितो. उघड विरोधाला केनने उत्तर दिले असते; या स्तुतीला त्याच्यापाशी उत्तर नाही. अखेरीस तो बिल्ला धुळीत टाकतो, त्याचे बीज येथेच आहे.

चित्रीकरणाच्या काळात, १९५१ मध्ये, पटकथाकार कार्ल फोरमनला अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशी समितीपुढे जावे लागले. सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिल्यामुळे तो काळ्या यादीत गेला व इंग्लंडला स्थायिक झाला. मित्रांनी फिरविलेली पाठ या सभेत उतरली आहे. कूपर स्वतः साम्यवादविरोधी, तरी त्याने फोरमनची बाजू सोडली नाही, हे विशेष. मार्शलने गावभर मदत मागत फिरावे हे हॉवर्ड हॉक्सला रुचले नाही. त्याचा रीओ ब्राव्हो (१९५९) हे त्यावरील प्रत्युत्तर होय.